लिनक्सचा कर्नल : एक संहिता, अनेक पाठ

१. प्रश्नाचे स्वरूप

‘लिनक्स’ हा शब्द व्यवहारात दोन अर्थांनी वापरला जातो. काटेकोर अर्थाने लिनक्स म्हणजे केवळ कर्नल, म्हणजेच संगणकाची यंत्रसामग्री आणि तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या यांच्यामध्ये उभी असलेली मध्यस्थ आज्ञावली. प्रोसेसरचा वेळ कोणाला किती द्यावयाचा, स्मृतीची वाटणी कशी करावयाची, डिस्कवरील फाइली कशा वाचावयाच्या, नेटवर्कवरून आलेली माहिती कोणाकडे पोहोचवावयाची, ही त्याची कामे होत. व्यापक अर्थाने मात्र लिनक्स म्हणजे या कर्नलभोवती रचलेली सबंध प्रणाली. कर्नल, नित्य उपयोगाच्या आज्ञावल्या, पडद्यावरील खिडक्यांची व्यवस्था आणि हे सर्व बसविण्याची व अद्ययावत ठेवण्याची साधने यांचा जो एकत्र संच तयार करून दिला जातो, त्याला ‘डिस्ट्रिब्यूशन’ अथवा वितरण असे म्हणतात.

कर्नलची मर्यादा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठी मजकूर पडद्यावर दिसतो तेव्हा जोडाक्षरे जुळविण्याचे आणि वेलांट्या योग्य जागी बसविण्याचे काम कर्नल करीत नाही. ते वितरणातील इतर आज्ञावल्या करतात. फाइलीचे नाव देवनागरीत आहे की रोमन लिपीत, याच्याशीही कर्नलला सामान्यतः कर्तव्य नसते. त्याच्या दृष्टीने ते नाव म्हणजे बाइटांची एक मालिका. तात्पर्य, वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे असते त्यातील फारच थोडे कर्नलचे असते. परंतु जे आहे त्यातील काहीही कर्नलवाचून चालत नाही.

वितरणांची कुळे असतात. इअन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनपासून २००४ मध्ये उबुंटू निघाले आणि उबुंटूवरून २००६ मध्ये लिनक्स मिंट आले. भारतात सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनच्याच कुळातील. दुसरे मोठे कूळ रेड हॅटचे. फेडोरा, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स, सेंटओएस, ओरॅकल लिनक्स, अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ही त्यातील प्रमुख नावे. एका कुळातील वितरणांत ‘तोच कर्नल’ असतो, असे सर्रास म्हटले जाते. या विधानातील ‘तोच’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. कर्नलमध्ये एखादा दोष सापडला आणि तो अमुक आवृत्तीत दुरुस्त झाला असे जाहीर झाले, की रुग्णालयात, बँकेत वा विद्यापीठात संगणकांची देखभाल करणाऱ्या माणसाला एका प्रश्नाचे उत्तर तातडीने हवे असते : आपल्या यंत्रावरील कर्नलमध्ये ही दुरुस्ती आली आहे की नाही? ‘तोच’ या शब्दाचा चुकीचा अर्थ घेतल्यास या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते. सुरक्षित यंत्र धोक्यात आहे असे वाटते, किंवा धोक्यातील यंत्र सुरक्षित आहे असा समज होतो.

२. मूळ संहिता आणि तिचा प्रवाह

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या कामाची वार्ता प्रथम जाहीर केली. १९९२ मध्ये त्यांनी कर्नल जी.पी.एल. या परवान्याखाली आणला आणि मार्च १९९४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती निघाली. या परवान्याने पुढील सर्व इतिहासाला वळण दिले. कर्नल कोणीही घ्यावा, बदलावा आणि वाटावा. मात्र ज्याला तो चालविण्याच्या रूपात दिला, त्याला त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, मिळण्याचा हक्क असला पाहिजे, अशी त्यातील मुख्य अट आहे. आज हा सोर्स तीन कोटींहून अधिक ओळींचा आहे.

२००५ पासून हा सोर्स ‘गिट’ या नोंदव्यवस्थेत ठेवला जातो. तीही टोरव्हाल्ड्स यांनीच त्या वर्षी रचली. गिटमध्ये प्रत्येक फेरफार स्वतंत्र नोंदला जातो. तो कोणी केला, केव्हा केला, का केला आणि नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या, हे त्या नोंदीत असते, आणि प्रत्येक नोंदीला चाळीस चिन्हांचा एक ओळखक्रमांक मिळतो. अशा एका सुट्या फेरफाराला ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे कोणत्या फाइलीतील कोणत्या ओळी काढावयाच्या आणि त्यांच्या जागी कोणत्या घालावयाच्या, हे सांगणारा छोटा मजकूर.

मूळ कर्नलची नवी आवृत्ती सुमारे नऊ ते दहा आठवड्यांनी निघते. पहिल्या दोन आठवड्यांत नवे फेरफार स्वीकारले जातात आणि उरलेला काळ केवळ दोषनिवारणात जातो. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीवर पुढे ‘स्थिर’ मालिका चालते. तिच्यात नवे गुण येत नाहीत, फक्त दुरुस्त्या येतात. उदाहरणार्थ, ६.१ या आवृत्तीनंतर ६.१.१, ६.१.२ अशा दुरुस्त आवृत्त्या निघतात. बहुतेक मालिका नव्या आवृत्तीच्या आगमनानंतर लवकरच बंद होतात. मात्र साधारणतः वर्षाकाठी एक मालिका दीर्घकाळ सांभाळण्यासाठी निवडली जाते. स्थिर मालिकेचा एक नियम पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे : कोणतीही दुरुस्ती प्रथम टोरव्हाल्ड्स यांच्या मूळ संहितेत यावी लागते आणि त्यानंतरच ती स्थिर मालिकेत घेतली जाते. म्हणजे प्रवाह वरून खाली वाहतो, आणि खाली सापडलेला दोषही प्रथम वर नेऊनच निस्तरावा लागतो.

३. जशाचा तसा स्वीकार

वितरण या प्रवाहातून कर्नल घेते. तो घेण्याच्या रीतींत सर्वांत सोपी म्हणजे शेजारच्या वितरणाचा तयार कर्नल जशाचा तसा स्वीकारणे. जुलै २०२२ मध्ये आलेले लिनक्स मिंट २१ हे उबुंटू २२.०४ वर आधारलेले आहे, आणि त्याचा कर्नल उबुंटूच्या भांडारातूनच येतो. मिंटचे कर्ते तो स्वतः बांधीत नाहीत. तेव्हा या दोन वितरणांत ‘तोच कर्नल’ आहे हे विधान येथे अक्षरशः खरे ठरते : बाइटास बाइट जुळते.

या स्वीकारामागे केवळ श्रम वाचविण्याचा हेतू नाही. अलीकडचे संगणक सुरू होताना कर्नलवरील डिजिटल स्वाक्षरी तपासतात. उबुंटूने स्वाक्षरी केलेल्या कर्नलमध्ये एक ओळ जरी बदलली तरी ती स्वाक्षरी निरुपयोगी होते आणि नवी स्वाक्षरी करण्याची सर्व जबाबदारी बदल करणाऱ्यावर येते. शिवाय दुरुस्त्या वेळच्यावेळी देण्याचे कामही मग त्यालाच करावे लागते.

परंतु येथेही दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पहिली अशी की, भांडार एक असले तरी निवड वेगळी असू शकते. उबुंटू २२.०४ चा आरंभीचा कर्नल ५.१५ होता, पुढे नव्या यंत्रसामग्रीसाठी उबुंटूने आपल्या डेस्कटॉप वापरकर्त्यांना क्रमाने ५.१९, ६.२, ६.५ व ६.८ या मालिकांवर नेले. मिंट २१ ने मात्र सामान्य वापरकर्त्याला ५.१५ वरच ठेवले. आधार एक, भांडार एक, तरीही दोन शेजारी यंत्रांवर दोन निराळे कर्नल चालत असल्याचे दृश्य त्या काळात सहज दिसले असते. दुसरी गोष्ट नावाची. मिंटचीच एक आवृत्ती थेट डेबियनवर रचली जाते. सप्टेंबर २०२३ मधील तिच्या सहाव्या आवृत्तीत डेबियन १२ चा ६.१ हा कर्नल होता. म्हणजे ‘मिंट’ या एका नावाखाली दोन कुळांचे कर्नल नांदतात. वितरणाच्या नावावरून कर्नलचा निर्णय करता येत नाही.

४. निवडीने पडणारा भेद

दुसरी रीत म्हणजे सोर्स तोच घेऊन त्यातील निवड निराळी करणे. कर्नलच्या सोर्समध्ये दहा हजारांहून अधिक विकल्प आहेत. बहुतेकांना तीन उत्तरे देता येतात : हा भाग कर्नलमध्येच समाविष्ट करावा, मॉड्यूल म्हणून वेगळा ठेवून गरजेप्रमाणे जोडावा, किंवा अजिबात घेऊ नये. या सर्व उत्तरांची यादी एका फाइलीत असते, आणि बहुतेक वितरणे ती फाइल कर्नलच्या शेजारीच ठेवतात. जिज्ञासू वाचकाला ती आपल्या यंत्रावर उघडून पाहता येईल.

या निवडीतून पडणारे भेद किरकोळ नसतात. कर्नलच्या अंतर्गत घड्याळाचे ठोके सेकंदाला किती असावेत, हा असाच एक विकल्प आहे. डेबियन १२ मध्ये ते २५० आहेत, तर रेड हॅटच्या कर्नलमध्ये १०००. पहिल्यात दोन ठोक्यांतील अंतर चार सहस्रांश सेकंद, दुसऱ्यात एक सहस्रांश. दुसरे उदाहरण सुरक्षाव्यवस्थेचे. कोणत्या आज्ञावलीला कोणत्या फाइलींपर्यंत जाऊ द्यावे, हे ठरविणाऱ्या एसई-लिनक्स आणि ॲप-आर्मर अशा दोन यंत्रणा मूळ सोर्समध्ये आहेत. रेड हॅट पहिली चालू ठेवते आणि दुसरी आपल्या कर्नलमध्ये घेतच नाही. डेबियन व उबुंटू दोन्ही घेतात, परंतु चालू ठेवतात ती दुसरी.

तिसरे उदाहरण एकाच कुळातील असल्यामुळे अधिक बोलके आहे. बी-ट्री-एफ-एस ही फाइलव्यवस्था मूळ कर्नलमध्ये आहे. रेड हॅटने २०१९ मधील आपल्या आठव्या आवृत्तीतून ती वगळली. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या फेडोरा ३३ ने मात्र डेस्कटॉपसाठी तीच नेहमीची फाइलव्यवस्था ठरविली. वास्तविक फेडोरा हे रेड हॅटच्या व्यापारी वितरणाचे उगमस्थान होय. ओरॅकल लिनक्सने तर एकाच वितरणात दोन कर्नल ठेवले आहेत : एक रेड हॅटशी जुळणारा आणि दुसरा २०१० पासून ओरॅकल स्वतः सांभाळीत असलेला. आठव्या आवृत्तीत पहिला चालू केल्यास ही फाइलव्यवस्था मिळत नाही, दुसरा केल्यास मिळते. बाकी प्रणाली तीच राहते.

५. पाठभेद आणि त्यांच्या खुणा

तिसरी रीत म्हणजे सोर्समध्येच फेरफार करणे. येथे हस्तलिखितांच्या अभ्यासकाला परिचित असलेली परिस्थिती उद्भवते. मूळ ग्रंथाच्या प्रती निरनिराळ्या प्रांतांत गेल्या, लेखकांनी कोठे शब्द बदलला, कोठे ओळ घातली, कोठे दुसऱ्या प्रतीतील पाठ आणून बसविला. अशा वेळी संपादकाचे पहिले कर्तव्य म्हणजे प्रत्येक पाठभेद कोठून आला हे नोंदविणे. कर्नलच्या बाबतीतही असेच असून, चांगली वितरणे ही नोंद कसोशीने ठेवतात.

उबुंटूची पद्धत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्यांच्या कर्नलमधील फेरफार तीन प्रकारांत विभागता येतात आणि प्रत्येक प्रकाराची खूण नोंदीतच असते. मूळ संहितेतून पॅच जसाच्या तसा उचलला असेल, तर ‘चेरी पिक्ड’ असे लिहून मूळ नोंदीचा ओळखक्रमांक दिलेला असतो. जुन्या सोर्समध्ये बसावा म्हणून पॅचमध्ये थोडा बदल करावा लागला असेल, तर ‘बॅकपोर्टेड’ असे म्हटलेले असते. मूळ संहितेत जो नाहीच, जो सर्वस्वी उबुंटूचा स्वतःचा आहे, त्याच्या शीर्षकात ‘सॉस’ हा शब्द असतो. डेबियन हेच काम निराळ्या रीतीने करते. तेथे मूळ सोर्स अलग आणि डेबियनचे पॅच अलग, सुट्या फाइलींत, लावण्याच्या क्रमानुसार ठेवलेले असतात. पॅच कोठून आला आणि तो मूळ कर्त्यांकडे पाठविला आहे की नाही, हे त्याच्या माथ्यावर लिहिण्यासाठी ठरावीक जागा आहेत.

मात्र हस्तलिखितांशी हे साम्य एका ठिकाणी संपते. हस्तलिखिताची उत्तरकालीन प्रत आपल्या मूळ प्रतीला सुधारू शकत नाही. मूळ प्रत मागे राहते. कर्नलच्या बाबतीत मूळ संहिता जिवंत आहे, आणि खालच्या प्रतीतील चांगला पाठ तिच्यात परत जाऊ शकतो. किंबहुना तो परत जाणे यावरच या सर्व व्यवस्थेचे आरोग्य अवलंबून आहे. याचा विचार पुढे केला आहे.

६. क्रमांक काय सांगतो

तत्पूर्वी क्रमांकाविषयीचा गैरसमज दूर केला पाहिजे. चालू कर्नलचा क्रमांक विचारला असता जे उत्तर मिळते ते मूळ संहितेचा क्रमांक आहे, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः ते वितरणाने दिलेले नाव असते. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ मध्ये हे उत्तर ‘६.१.०-९’ असे येत असे; प्रत्यक्षात त्यातील सोर्स ६.१.२७ या स्थिर आवृत्तीचा होता. ‘०’ हे येथे केवळ स्थानपूरक. त्यापुढील ‘९’ हा अंक एवढेच सांगतो की, मॉड्यूले व कर्नल यांच्यातील सांधा कितव्या वेळी बदलला. उबुंटूही मधला अंक शून्यच ठेवते आणि मूळ आवृत्ती वेगळ्या फाइलीत नोंदविते.

रेड हॅटच्या बाबतीत हे अंतर फारच वाढते. तिची आठवी आवृत्ती मे २०१९ मध्ये ४.१८.० या क्रमांकाच्या कर्नलसह आली आणि तिच्या सर्व उपआवृत्त्यांत हा क्रमांक कायम राहिला. बदलत गेला तो त्यापुढचा अंक : ८.० मध्ये तो ८० होता, ८.१० मध्ये ५५३ झाला. मूळ ४.१८ ही मालिका २०१८ मधली आणि तेव्हाच संपलेली. परंतु रेड हॅटच्या ४.१८.० मध्ये पुढील काळातील असंख्य फेरफार आणून बसविलेले आहेत. बी.पी.एफ. या यंत्रणेसारखे काही संपूर्ण विभागच पाचव्या मालिकेतील कर्नलांतून घेतलेले आहेत. नाव जुने राहिले. अंतरंग पुष्कळसे नवे झाले.

असे का केले जाते? मूळ कर्नल वापरकर्त्याच्या आज्ञावल्यांना दिलेला शब्द पाळतो, परंतु कर्नलच्या आतील भागांचे परस्परांशी असलेले सांधे तो हवे तेव्हा बदलतो. बाहेरच्या कंपनीने तयार केलेला ड्रायव्हर म्हणूनच नव्या आवृत्तीत चालेनासा होण्याचा संभव असतो. रेड हॅट आपल्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीपुरती काही निवडक सांध्यांची यादी जाहीर करते आणि ते बदलणार नाहीत असे आश्वासन देते. जुना पाया न हलविता त्यावर नव्या दुरुस्त्या आणण्याचा खटाटोप या आश्वासनापोटी आहे.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ‘अमुक दोष अमुक क्रमांकाखालील सर्व कर्नलांत आहे’ हे विधान मूळ संहितेपुरतेच खरे असते. केवळ क्रमांक पाहून दोष शोधणारी तपासणीसाधने रेड हॅटच्या यंत्रांवर नसलेले दोष दाखवितात, ते याच कारणाने. दुरुस्ती आली की नाही हे क्रमांकात नव्हे, तर त्या वितरणाच्या फेरफारांच्या नोंदीत पाहावे लागते.

७. परतफेड : दोन उदाहरणे

खालचा पाठ वर गेला म्हणजे काय होते आणि न गेल्यास काय होते, हे उबुंटूच्याच दोन उदाहरणांवरून पाहता येईल.

ॲप-आर्मर ही सुरक्षायंत्रणा बराच काळ मूळ कर्नलच्या बाहेर होती. उबुंटूसारखी वितरणे तिचा पॅच स्वतः बाळगीत आणि प्रत्येक नव्या आवृत्तीवर तो पुन्हा बसवीत. ऑक्टोबर २०१० मध्ये, २.६.३६ या आवृत्तीत, तिचा गाभा मूळ संहितेत समाविष्ट झाला. त्यानंतर कोणालाही तो वेगळा बाळगण्याची गरज उरली नाही. जुलै २०१९ मधील डेबियन १० ने ती यंत्रणा नेहमीसाठी चालू केली. येथे एक गोष्ट लक्षात येण्यासारखी आहे. उबुंटू डेबियनची संतती. तरीही उबुंटूने जोपासलेला गुण डेबियनकडे मूळ संहितेच्या वाटेने आला. कुळात खालून वर जाण्याचा खात्रीचा मार्ग बहुधा हाच असतो.

दुसरे उदाहरण ओव्हरले-एफ-एस या यंत्रणेचे. एका फाइलव्यवस्थेवर दुसरी पारदर्शक थराप्रमाणे ठेवून दोन्ही एक भासविणे हे तिचे काम, आणि कंटेनरच्या वापरात तिचे महत्त्व मोठे आहे. ती डिसेंबर २०१४ मधील ३.१८ या आवृत्तीत मूळ कर्नलमध्ये आली. उबुंटूने २०१८ मध्ये तिच्यात स्वतःचे काही फेरफार केले, आणि त्या वेळी त्यात धोका नव्हता. २०२० मध्ये मूळ संहितेत एक दोष सापडला व तो दुरुस्त झाला. परंतु उबुंटूच्या फेरफारांमुळे तिच्या कर्नलमध्ये त्याच कामाची आणखी एक वाट निर्माण झालेली होती. त्या वाटेपर्यंत ही दुरुस्ती पोहोचली नाही. जुलै २०२३ मध्ये विझ या सुरक्षासंस्थेच्या संशोधकांनी ओव्हरले-एफ-एसमधील असे दोन दोष उघडकीस आणले. त्यांच्या आधारे यंत्रावरील सामान्य वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळविता येत होते. मूळ कर्नलमध्ये ते दोष नव्हते. उबुंटूमध्ये आणि अर्थात् तिचा कर्नल जसाच्या तसा घेणाऱ्यांमध्ये ते होते.

या घटनेत कोणाचा आळस शोधण्यापेक्षा तिचे कारण समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. स्थानिक फेरफार ज्या दिवशी केला जातो, त्या दिवशी तो निर्दोष असू शकतो. परंतु त्यानंतर त्याच्या भोवतालची संहिता बदलत राहते, आणि ती बदलणाऱ्यांना त्या फेरफाराचा पत्ताही नसतो. मूळ संहितेतील प्रत्येक दुरुस्ती आपल्या फेरफाराशी ताडून पाहण्याची जबाबदारी तो बाळगणाऱ्यावर येते, आणि ती कधीही संपत नाही. मूळ संहितेत गेलेल्या ओळीची काळजी सर्वजण वाहतात. आपल्याजवळ ठेवलेल्या ओळीची काळजी एकट्यालाच वाहावी लागते.

८. नोंद झाकली जाते तेव्हा

आतापर्यंतच्या विवेचनात फेरफारांची नोंद उघड असते असे गृहीत धरले आहे. परंतु परवान्याची अट सोर्स देण्याची आहे. प्रत्येक फेरफार सुटा करून, क्रमवार मांडून द्यावा, असा शब्द तिच्यात नाही. २०११ मध्ये हा फरक प्रकर्षाने पुढे आला. रेड हॅटने आपल्या सहाव्या आवृत्तीपासून कर्नलचा सोर्स सर्व पॅच आधीच लावून, एकजीव करून देण्यास आरंभ केला होता. मजकूर पूर्ण होता, परंतु कोणती ओळ मूळची आणि कोणती रेड हॅटची, कोणता बदल कोणत्या दोषासाठी, हे त्यावरून कळेना. पाठभेदांच्या टिपा कापून टाकलेली संपादित प्रत हाती यावी, तसे हे झाले. तिच्या सेवेत स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांना आळा घालणे हा त्यामागील हेतू होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये ओरॅकलच्या केस्प्लाइस गटाने तो एकजीव मजकूर पुन्हा सुट्या पॅचांत फोडून सर्वांसाठी खुला केला. नोंद नाहीशी झाली की ती परत उभी करण्यासाठी किती परिश्रम करावे लागतात, याचा तो पुरावाच म्हणावा लागेल.

पुढील प्रसंग वितरणांच्या अस्तित्वाचा होता. रेड हॅटच्या सोर्सवरून हुबेहूब बांधले जाणारे सेंटओएस लिनक्स ८ हे २०२१ अखेर बंद होईल, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. त्याची जागा घेण्यासाठी २०२१ मध्ये अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स ही दोन वितरणे निघाली. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या व्यापारी आवृत्तीचा सोर्स सर्वांसाठी प्रसिद्ध करणे थांबविले; ‘सेंटओएस स्ट्रीम’ या आगामी आवृत्तीचा सोर्स तेवढा खुला राहिला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, या स्ट्रीमच्या कर्नलमध्ये फेरफार सुटे नोंदले जातात आणि प्रत्येकाबरोबर त्याची मूळ संहितेतील स्थितीही लिहिलेली असते. म्हणजे २०११ मध्ये झाकलेला इतिहास एका वाटेने पुन्हा दिसू लागला. मात्र विकल्या जाणाऱ्या नेमक्या आवृत्तीचा पाठ ग्राहकांपुरता राहिला.

यावर अल्मालिनक्सने जुलै २०२३ मध्ये घेतलेला निर्णय प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. दोषासह हुबेहूब प्रत असण्याचा आग्रह त्यांनी सोडला. रेड हॅटवर चालणारी आज्ञावली आपल्याकडेही चालावी, एवढेच ध्येय त्यांनी ठेवले. या मोकळीकीचे फळ मे २०२४ मधील ९.४ या आवृत्तीत दिसले. रेड हॅटच्या कर्नलमध्ये काही ड्रायव्हर असूनही जुन्या उपकरणांचे ओळखक्रमांक त्यांच्या यादीतून काढलेले होते. त्यामुळे डिस्कनियंत्रकांसारखी अनेक चालती यंत्रे निकामी ठरत. अल्मालिनक्सने ते क्रमांक परत घातले. बदल थोड्या ओळींचा. परंतु ज्याच्याजवळ जुना सर्व्हर आहे, त्याच्या दृष्टीने यंत्र चालणे आणि भंगारात जाणे यांतील अंतर तेवढेच. ‘तोच कर्नल’ या शब्दांचा अर्थ येथे अक्षरांच्या तादात्म्याकडून व्यवहाराच्या सुसंगतीकडे सरकला.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, संबंधित वितरणांतील कर्नलचे ऐक्य एकाच प्रकारचे नसते. मिंट व उबुंटू यांच्यात ते अक्षरशः असू शकते. एकाच सोर्सवरून निराळी निवड करणाऱ्यांत ते उगमाचे असते. रेड हॅट व तिची संतती यांच्यात ते आश्वासनाचे असते : पाठ बदलला तरी चालणारी आज्ञावली चालत राहील. क्रमांक या तिन्ही प्रकारांना एकच वेष चढवितो, म्हणून तो पुरेसा साक्षीदार नव्हे.

तथापि या सर्वांच्या तळाशी एक समान गोष्ट आहे. दोन कर्नल कोठे एक आहेत आणि कोठे वेगळे, हे प्रत्येक फेरफाराच्या नोंदीवरूनच कळते. ती नोंद उघड असेल तर वेगळेपणा घातक ठरत नाही. तो तपासता येतो, उचलता येतो, वर पाठविता येतो. नोंद झाकली गेली किंवा दुर्लक्षिली गेली, तर अक्षरशः एक असलेल्या प्रतींमध्येही एकाचा दोष सर्वांना भोगावा लागतो आणि तो कोठून आला हे कोणाला सांगता येत नाही. म्हणून आपल्या यंत्रासाठी वितरण निवडताना त्याचा कर्नल किती नवा आहे हे विचारण्यापूर्वी त्याने केलेले फेरफार कोठे लिहिले आहेत आणि ते लिहिणारे कोण आहेत, हे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरेल.